कच्ची पावती

आजची ओहोटी सहा बावन्नची.
तुर्भ्याच्या जेट्टीपलीकडे गुडघाभर चिखल,
त्यात मी, पीव्हीसी पाइपची चौकट,
अर्धा मीटर गुणिले अर्धा मीटर,
आणि दहा पावलं पुढे धानूबाय वैती.
तिला चौकट लागत नाही,
पायाच्या अंगठ्याने ती चिखल चाचपते.

प्रबंधाचं शीर्षक दोन ओळींचं आहे.
जागतिकीकरण, बंदरं, जैवविविधतेचं संवर्धन,
मग विसर्ग, मग 'एक अभ्यास'.
आईला फोनवर वाचून दाखवलं.
ती म्हणाली, म्हणजे शिंपले मोजतेस ना?
तुमसरला आमच्याकडे पायलीने धान मोजतात.
हो म्हटलं. शिंपलेच मोजते.

आणि पत्रावर नांगर छापलाय म्हणालीस,
म्हणजे पैसे देणारे शेतीवाले असतील.
मी काही बोलले नाही.
तो दुसरा नांगर, आई. लोखंडी.
तो जमीन उकरत नाही, धरून ठेवतो.
मागच्या जानेवारीत दुर्बिणीतून पाणपक्षी बघताना
तोच मला एका जहाजाच्या धुराड्यावर दिसला.

जहाज रिकामं निघतं तेव्हा तोल राखायला
पोटात समुद्र भरून घेतं.
इथे माल चढला की ओतून देतं.
कुठल्या किनाऱ्याचं पाणी, कोण विचारतो?
त्यात असतात डोळ्यांना न दिसणारी पिल्लं,
कस्टमच्या एकाही रकान्यात न बसणारी.
आता जेट्टीच्या खांबाखांबाला, दोरांना, होड्यांच्या तळाला
तो काळपट शिंपला, बोट शिरणार नाही इतका दाट.

आरस्कर सरांना नांगराचं सांगितलं.
चष्मा पुसत म्हणाले, ऋणनिर्देशात नाव स्पष्ट लिही,
निष्कर्षात काय लिहायचं ते आकड्यांना ठरवू दे.
आकडे ठरवतायत.
विद्यावेतन चार महिने थकलंय.

वर लेखापालांचं पत्र:
बाब क्रमांक सात, स्थानिक मार्गदर्शक, चारशे रुपये रोज,
कच्ची पावती ग्राह्य नाही,
जीएसटी क्रमांक जोडावा.
पावतीवर धानूबायची सही आहे,
एक 'ध' आणि पुढे नुसती लाट,
रेव्हेन्यू स्टॅम्पच्या बाहेर गेलेली.
तिला हे सांगितलेलं नाही.
चारशे मी माझ्यातून देते.

माझ्या वहीत त्याचं नाव 'आक्रमक परकी प्रजाती'.
तुम्ही काय म्हणता याला, एकदा विचारलं.
"कंटेनर."
काय?
"कंटेनर आलं, न त्यांच्या मागनं ह्यो आला.
मंग कंटेनरच बोलतो आमी."
खाता?
"मी नाय. सून खाते. पोरांना पन घालते.
चव नाय त्याला.
पन तिसरीची चव त्यांना ठाव कुठं हाय?"

चौकट क्रमांक एकतीस.
काळपट: दोनशे चौदा.
तिसरी:
शून्य काढायला मी पेन्सिल टेकवली.
धानूबाय खांद्यावरून बघत होती.
अक्षरांचा तिला कंटाळा, शून्य मात्र ओळखते,
सोसायटीच्या पासबुकात पाहिलंय.
"त्या नको लिवू. 'गावली नाय' लिव."
फरक काय?
तिने अंगठा चिखलातून उपसला,
पुन्हा दुसरीकडे रुतवला.
"फरक काय म्हंजे?
शोधली ना आपन."

रात्री खोलीवर लॅपटॉप उघडला.
तक्त्यातला तो रकाना फक्त आकडा घेतो,
अक्षर टाकलं की लाल होतो.
एकतिसावी ओळ लाल झाली.
मग मागे जाऊन जुनी शून्यं खोडत बसले,
सव्वा बारापर्यंत.
बावीस ओळी लाल आहेत.
सरांना अजून दाखवल्या नाहीत.